लाल यादीतला राजाराम

राजारामचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. दहा वर्षं आम्ही अमेरिकेत हर्नडनच्या एकाच ऑफिसात शेजारी बसतो, एकाच गाडीतून येतो-जातो, त्याच्या डब्यातली भाजी मी न विचारता खातो. तरीही दर नोव्हेंबरला मला त्याला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

कारण आमच्या पँट्रीतला पांढरा बोर्ड. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच असते. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो इथला फुटबॉल. एक कॉलेज लाल, एक हिरवं. मॅचच्या दोन आठवडे आधी बोर्डावर दोन रकाने आखतात आणि जो संघ जिंकेल असं वाटतं त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं. पैशांची पैज नसते. हरलेल्यांनी सोमवारी सगळ्यांसाठी जेवण आणायचं आणि दिवसभर जिंकलेल्या कॉलेजची टोपी घालून बसायचं. साधी गंमत. पण आमचा साहेब क्रेग लाल कॉलेजात शिकलेला. लालखाली सगळ्यात वर त्याचं नाव, आणि चारपाच नावांच्या आत दर वर्षी राजारामचं. नुसतं ‘राज’. क्रेगला राजाराम म्हणता येत नाही.

या माणसाला खेळातलं काही कळत नाही, साहेबाच्या मागे मागे जातो, असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. खरं उलटं आहे. नव्याने नोकरी लागली तेव्हा क्रेगशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून सांगलीच्या या गृहस्थाने फुटबॉलचा परीक्षेसारखा अभ्यास केला. त्याची एक लांबडी वही आहे. कोणाचा खांदा दुखावलाय, चिखलात कोण घसरतं, कुठला कोच शेवटच्या पाच मिनिटांत घाबरतो, सगळं तिच्यात. मॅचच्या आधी गाडीत तो मला निकाल सांगतो आणि बहुतेक वेळा तोच लागतो. अर्ध्याहून जास्त वर्षं त्याने मला “हिरवे जिंकतील” असं सांगितलं, बोर्डावर लालखाली नाव लिहिलं, हरला, आणि सोमवारी सुलभावहिनींनी तळलेले साठ बटाटेवडे घेऊन, डोक्यावर हिरवी टोपी चढवून मुकाट बसला.

“मग हिरव्याखाली लिही ना,” मी म्हणायचो.

“सही क्रेगची लागते,” तो म्हणायचा. विषय संपला.

सही म्हणजे व्हिसाच्या कागदांवरची. राजारामच्या ग्रीन कार्डाची फाइल कंपनीने दहा वर्षांपूर्वी लावली. रांग इतकी लांब की त्याचा नंबर कधी येईल ते वकीलही सांगत नाही. तोवर दर तीन वर्षांनी कागद, दर तीन वर्षांनी सही. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. या फाइलला तिघं बांधलेले : तो, सुलभावहिनी आणि वयाच्या चौथ्या वर्षी इथे आलेली त्यांची मुलगी अनिका. क्रेगने त्याला कधी धमकी दिलेली नाही. तो भला माणूस आहे, वडे मागून घेतो. पण राजारामचं म्हणणं, ज्याच्या हातात आपली सही आहे त्याच्यासमोर गमतीतही उभं राहू नये. माझी बायको इथलीच, त्यामुळे माझं ग्रीन कार्ड दोन वर्षांत आलं. मला शूर होणं फुकटात पडतं, हेही सांगून टाकतो.

मागच्या वर्षी मामला बिघडला. अनिका हिरव्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्या मार्चिंग बँडमध्ये तिची निवड झाली. आमच्या मंडळाच्या गणपतीत ती बाराव्या वर्षापासून ताशा वाजवायची; बँडवाल्यांनी तिचे हात बघितले आणि गळ्यात ड्रम अडकवला. मॅचच्या दिवशी ती मैदानावर उतरणार होती. राजारामने तिचा हिरव्या युनिफॉर्ममधला फोटो ऑफिसच्या टेबलावर ठेवला. पण तोंड कीबोर्डकडे करून, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये असा.

अनिकाला बोर्डाचं काही माहीत नव्हतं. सुलभावहिनी फोनवर बोलता बोलता सांगून बसल्या. लगेच बापाला मेसेज आला : बाबा, या वर्षी ग्रीन, ओके? बोर्डचा फोटो पाठव, मी बँडमध्ये सगळ्यांना दाखवणार आहे.

नाव तर पहिल्याच दिवशी लालखाली लिहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला राजारामने मला ऑफिसात आणलं. आम्ही दोघंच. मला कॉफी मशीनपाशी उभं केलं, कोणी आलं तर खोकायला. मग त्याने टिश्यू पेपरने लालखालचं ‘राज’ पुसलं, हिरव्याखाली लिहिलं, फोटो काढला, पाठवला, हिरव्याखालचं पुसलं आणि लालखाली पुन्हा होतं तिथे लिहिलं. मला खोकावं लागलं नाही. पन्नाशीचा, बायको-मुलीचा संसार उभा केलेला हा माणूस, चोरासारखा बोर्ड पुसत होता आणि मी पहारा देत होतो. मला त्याची लाज वाटली आणि माझीही.

“खोटं नाहीये,” तो म्हणाला. “दोन मिनिटं होतं ना तिकडे.”

अनिकाचं उत्तर आलं. नुसता अंगठा.

मॅच आम्ही क्रेगच्या घरी पाहिली. वहीत लिहिलं होतं तसंच झालं, हिरवे जिंकले. पूर्ण वेळ राजाराम लाल लोकांच्या सोफ्यावर बसून, लाल लोकांबरोबर हळहळत होता. एकदाच, बँडवरून कॅमेरा फिरला तेव्हा, त्याच्या हातातला चिप्स तोंडापर्यंत जाता जाता थांबला.

परतताना गाडीत अनिकाचा फोन आला, स्पीकरवर. आधी खूप आनंद, आरडाओरडा, मागे ड्रम. मग ती जरा बाजूला गेली असावी.

“बाबा, तू फोटोनंतर नाव पुसलंस ना?”

राजारामने लेन बदलायला इंडिकेटर लावला.

“रेडच्या लिस्टमध्ये एक गॅप होती. तिथे अर्धवट पुसलेला आर दिसत होता. इट्स ओके, आय ॲम नॉट मॅड. आई म्हणाली, तू हे माझ्यासाठी करतोस. पण बाबा, मार्चमध्ये मी ट्वेंटी-वन होते. देन आय ॲम आउट ऑफ द फाइल. स्टुडंट व्हिसाचे फॉर्म मी ऑलरेडी भरायला घेतलेत. सो प्लीज, माझ्यासाठी आता रेड लिहू नकोस.”

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. एकवीस पूर्ण झाली की मूल बापाच्या फाइलमधून बाहेर पडतं. ही तारीख त्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. रांग त्याआधी सरकेल या आशेवर तो बसला होता. मुलीच्या तोंडून ऐकल्यावर ती आशा संपली. फोन ठेवल्यावर घर येईपर्यंत त्याने इंडिकेटर चालूच ठेवला होता.

सोमवारी तो वडे घेऊन, हिरवी टोपी घालून बसला. आणि त्या दिवशी मी पाहिलं, त्याने ती नीट घातली होती, आरशात बघून घालावी तशी. दुपारी टोपीसह फोटो काढून अनिकाला पाठवला. क्रेग वडा घ्यायला आला, वाकताना त्याला कीबोर्डकडे तोंड केलेला फोटो दिसला, तसा म्हणाला, “राज, तुझी मुलगी त्यांच्या बँडमध्ये आहे ना? मी तुझ्या जागी असतो तर हिरव्याखालीच लिहिलं असतं.”

राजाराम हसला. क्रेग गेल्यावर मी म्हणालो, “ऐकलंस? त्याला काहीच फरक पडत नाही.”

“बोलायला काय जातं साहेबाला,” राजाराम म्हणाला.

मार्चमध्ये अनिका एकवीस वर्षांची झाली आणि फाइलमधून बाहेर पडली. यंदा नोव्हेंबरात बोर्ड लागला तेव्हा मी मुद्दाम त्याच्या आधी गेलो आणि हिरव्याखाली ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं, अनिकासाठी. मार्कर त्याच्या हातात दिला. त्याने लालखाली ‘राज’ लिहिलं.

माझं डोकंच फिरलं. “आता कोणासाठी?”

“सुलभा आहे अजून फाइलमध्ये,” तो म्हणाला. मग हळूच, “आणि वही बघ. यंदाही हिरवेच जिंकतायत. लाल लिहिलं म्हणजे सोमवारी हिरवी टोपी मलाच मिळणार. अनिकाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे रे.”

इतक्या वर्षांत हा डाव मला सुचला नव्हता. साहेबही खूश, मुलगीही. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि इतकं वाकडं चालून या माणसाला मुलीची टोपी डोक्यावर घ्यावी लागते म्हणून वाईटही.

त्या शनिवारी लाल जिंकले. शेवटच्या मिनिटाला, वहीत नसलेल्या एका पोराने.

सोमवारी क्रेगने राजारामच्या पाठीवर थाप मारली. “राज, शेवटी तुझ्या निष्ठेचं चीज झालं,” म्हणाला. हरलेल्यांनी आता जिंकलेल्यांची टोपी घालायची, म्हणून मी दिवसभर लाल टोपीत. हिरव्या टोप्यांचा खोका बंदच राहिला, कपाटात.

साडेचारला पँट्रीत कोणी नव्हतं. मी खोका उघडला, एक हिरवी टोपी काढून त्याच्यापुढे धरली. “घाल. फोटो काढतो. दोन मिनिटं.”

त्याने ती हातात घेतली, आतली पट्टी अंगठ्याने सरळ केली. मग क्रेगच्या केबिनकडे पाहिलं. दिवा चालू होता, क्रेग आत नव्हता, पार्किंगमध्ये त्याची गाडीही नव्हती. हे आम्हा दोघांनाही खिडकीतून दिसत होतं.

राजारामने टोपी खोक्यात ठेवली, खोका बंद केला आणि म्हणाला, “चल, ट्रॅफिक लागेल.”