गोळ्यांवर फोडलेलं खापर

आईची हाडं दुखायला लागली तेव्हा मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. आणीबाणीचे दिवस. आमचं घर विणकराचं, नागपूरच्या जुन्या वस्तीतलं. बाबा खड्ड्याच्या मागावर पाय सोडून लुगडी विणायचे आणि आई भिंतीशी चरख्यावर बसून त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. लग्न झाल्यापासून एका जागी बसून तिची कंबर पार कामातून गेली होती. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं.

पाणी हीच तर गोम होती. आमच्या अख्ख्या ओळीला मिळून टोकाला एक सार्वजनिक संडास. त्याला दार म्हणून टिनाचा पत्रा, आणि बरोब्बर समोर पानठेला. बायका पहाटे अंधारात जाऊन यायच्या, पुन्हा थेट दिवेलागणीनंतर. त्यामुळे दिवसा पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडच्या बायकांची रीतच होती, ती कोणाला शिकवावी लागत नसे. आई गोळी कडाकडा चावून खायची आणि वर घोटभर पाणी घ्यायची, तेवढंच.

महिन्याभरात तिचं पोट दगडासारखं झालं. फुगायचं, गुडगुडायचं, आणि साफ काही व्हायचं नाही. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमने काही जणांना होतं असं, पालेभाजी खा, पाणी वाढवा. आईने अंबाडीची भाजी खाल्ली, एरंडेल घेतलं, पाणी मात्र वाढवलं नाही. एरंडेलाने एखादा दिवस बरा जायचा, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, दोन घरं सोडून राहायची. तिला जगातलं सगळं ठाऊक असायचं. तिने गोळी बोटांत चुरून पाहिली.

"भिंतीले लावतेत तो चुना हाय हा," ती आईला म्हणाली. "आतड्यात जाऊन बसला तो. बंद कर वं ह्या गोळ्या."

आईने गोळ्या बंद केल्या. कंबर पुन्हा धरली, पण पोट काही सुटलं नाही. तेव्हा तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण आत्याकडे उत्तर तयार होतं. बसलेला चुना एकदम थोडाच निघतो म्हणाली. बाबांना पटलं, शेजारणींना पटलं, आणि आईला तर सगळ्यांत जास्त पटलं. ती वाळत चालली होती, आणि आम्ही सगळे चुना निघायची वाट पाहत बसलो होतो.

त्याच सुमारास तिच्या लुगड्यावर लाल डाग दिसू लागले. विणकराच्या घरात त्याचं कोणाला काय वाटणार? काठाचं लाल सूत ओलं करून ती कांड्या भरायची, ओली लड मांडीवरच असायची, आमची तर उशीची खोळसुद्धा लाल असे. बाबांना एवढंच वाटलं की रंग कच्चा लागतो आहे. कच्चा रंग म्हणजे लुगडं परत येणार. ते तडक रंगाऱ्याकडे जाऊन भांडले. त्याने त्यांच्यासमोर लड पाण्यात बुडवली, पाणी स्वच्छ राहिलं. तरी बाबा तणतणत घरी आले आणि आईला म्हणाले, "लबाड हाय तो. आज चांगली लड दाखवते, आपल्याले खराब देते." आई कांडी भरत होती. तिने मान वर केली नाही.

थंडीत एक दिवस तिला हिरव्या उलट्या सुरू झाल्या. रिक्षात घालून आम्ही तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, संडासवाटे रक्त जातं का? बाबांनी नाही म्हणून सांगितलं.

"जाते," आई म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासून."

मग बाबांची नजर चुकवत ती म्हणाली, "मले वाटलं, गोळ्यांनं कोठा कडक झाला, त्यानं मूळव्याध झाली. तुमाले सांगतली असती तं डॉक्टरले दाखवा लागलं असतं. लाज नाही वाटत का बाईच्या जातीले?"

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना आणि मला व्हरांड्यात बोलावलं. मोठ्या आतड्यात गाठ होती, ती पसरली होती. संडासासाठी पोटावर वाट काढून दिली आहे, बाकी काही करता येणार नाही, म्हणाले.

"गोळ्यांनं झालं का जी?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. गाठ आधीपासूनच वाढत असणार. गोळ्यांनी फार तर पोट जड झालं असेल."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि आम्ही इतके महिने कावळ्यालाच दगड मारत होतो. मला इतका संताप आला की रडूही येईना. आत्याचा आला, त्या पत्र्याच्या दाराचा आला, आणि सगळ्यांत जास्त आईच्या त्या लाजेचा आला.

आईला काही सांगायचं नाही असं घरात ठरलं. जखम भरली की पोटावरची वाट बंद करतील, असं आम्ही तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला. गोळ्यांनी झालं, गोळ्या सुटल्या, म्हणजे आता बरं व्हायचंच, असा तिचा सरळ हिशेब होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती बजावायची, त्या गोळ्या खाऊ नका.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेशी आले. बोलायला फार मऊ माणूस. कुठे दुखतं का म्हणून त्यांनी विचारलं.

"हाडं दुखून राहिली जी," आई म्हणाली. "पण जीव गेला तरी त्या गोळ्या नाही खात मी आता."

"खा की आई," डॉक्टर म्हणाले. "त्या गोळ्यांनी तुम्हाला काही झालेलं नाही. बरं वाटत असेल तर खुशाल खा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिचं लुगडं पिशवीत भरत होते, ते भरत राहिले.

रिक्षा बरीच पुढे आली. तेव्हा ती पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "म्हणजे हे गोळ्यांचं नाही."

आपण कधी बरी होऊ, हे तिने त्यानंतर कोणालाच विचारलं नाही.