मनगट धरणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमना नुसता नमस्कार चालत नसे. तुम्ही हात जोडलेत की त्यातला एक त्या सोडवून घ्यायच्या, मनगटावर दोन बोटं टेकवायच्या आणि डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. मग निकाल यायचा. "गुणाची आहे." नाहीतर, "लाजरी आहे, लपून बसते." हे आपल्या स्वभावाबद्दल आहे असं समजून कितीतरी लोक खूश होत. ते असायचं मनगटातल्या नाडीबद्दल.

मॅडम यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात भूलतज्ज्ञ होत्या आणि मी तिथल्याच अतिदक्षता विभागातली सिस्टर. काही माणसांना चेहरे लक्षात राहत नाहीत, तुमच्याही पाहण्यात असतील. मॅडम लोकांना मनगटावरून ओळखत. भाजीबाजारात एकदा वांगी घेता घेता त्यांनी भाजीवाल्याचा हातच धरून ठेवला. त्याची बायको शेजारी बसलेली, तिचे डोळे मोठे झाले. "एक ठोका गळून राह्यला याचा," मॅडम तिलाच म्हणाल्या. "उद्या घेऊन ये याले दवाखान्यात. आन हे किडकं वांगं बदलून दे."

एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. चहा उभ्यानं, फोन येरझारा घालत. नेरला भाचीच्या लग्नात त्यांना बळेच पंगतीला बसवलं, तर अर्ध्या जेवणातून उठून वरणाची बादली घेऊन वाढायला निघाल्या. "बसलं का मले आजारी असल्यासारखं वाटते," म्हणायच्या. मला अशा माणसांचा राग येतो. त्यांच्यापायी आपल्यालाही टेकता येत नाही.

स्थिर होत त्या एकाच कामाला. रोगी अत्यवस्थ असला, रक्तदाब घटकेत वर घटकेत खाली करू लागला, की मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात. मग प्रत्येक ठोक्याचा दाब समोर दिसत राहतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत सुई आत न्यायची असते. पडद्यावर शीरही काळी गोल आणि धमनीही काळी गोल. नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. मॅडम शिकवत, "दाबून पाह्य. दबली ते शीर. दाबल्यावरही उडत राह्यते, ते आपली." स्वतः मात्र त्या आधी बोटांनी धमनी शोधत आणि पडद्याकडं मागाहून बघत.

मग एका उन्हाळ्यात सगळ्यांचीच नाडी "बरी" होऊ लागली. माझी बरी, वॉचमनची बरी, डबेवाल्या मावशींची बरी. गुणाची नाही, लाजरी नाही. मला ते खटकलं. एके दिवशी त्यांची बोटं माझ्या मनगटावर चक्क हाडावर टेकली होती, आणि तरी म्हणाल्या, "बरी आहे." त्या दिवशी दिवसभर मी औषधं दोनदोनदा तपासली, इतकं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शेवटी कपडे बदलायच्या खोलीत मी सरळ विचारलं, "मॅडम, बोटांना नाडी लागत नाही ना?"

त्या खिडकीपासून दारापर्यंत जाऊन आल्या. "मानेतून आहे ते. मणके झिजले. बोटं बधिर, आन मान वळवली का हाताले मुंग्या." म्हणजे बोटाला नाडी लागेना आणि पडद्याकडं पाहायला मान वळेना, कारण आमच्या अडचणीच्या खोलीत ते यंत्र खाटेच्या बाजूला, डॉक्टरच्या खांद्यामागंच मावतं. "हे काम गेलं तर मी करू काय, सांग बरं," त्या म्हणाल्या.

उत्तर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नागपूरहून आणलं. स्मार्ट चष्मा. यंत्रावरचं चित्र तारेशिवाय थेट चष्म्यात येतं. मान सरळ ठेवायची, नजर रोग्याच्या हातावर, आणि डोळ्यांपुढं मनगटाच्या आतलं चित्र तरंगत असतं. मॅडमना ते लवकरच साधलं. पुन्हा त्यांच्या चपलांचा आवाज दवाखानाभर फिरू लागला आणि मला रात्री झोप लागू लागली.

झरी जामणीकडची एक आजी होती. चष्मा पाहून तिनं पदर गच्च लपेटून घेतला.

"बाई, ह्याच्यातून सारं दिसते काय?"

"मनगटच दिसते आजी. तेही आतून."

आजीनं जरा विचार केला. "मंग माह्या सुनेले पाह्यजा एकडाव. तिच्या मनात काय आहे ते कयत नाही मले."

मॅडम हसत होत्या, हात मात्र तसूभर हलला नाही. सुईच्या मागच्या टोकात लालभडक रक्त आलं आणि नळी बसली.

"जमलं की हो," मी बाहेर आल्यावर म्हणाले.

"दिसते," त्या म्हणाल्या. "लागत नाही."

मग वणीचा तो ट्रक ड्रायव्हर आला. कोळशाचा ट्रक उलटून पोटात रक्तस्राव झालेला. शस्त्रक्रियेची तयारी चालू होती, दाब कोसळत होता आणि तो अर्धवट शुद्धीत ट्रकमधल्या मालाबद्दल बडबडत होता. मॅडमनी चष्मा चढवला. सुई कातडीत गेली आणि काचेतलं चित्र थिजलं. यंत्राच्या पडद्यावर मला धमनी उडताना दिसत होती. त्यांच्यापुढं ती मेल्यासारखी पडली होती. अंदाजानं सुई पुढं नेता आली असती. इतक्या वर्षांच्या हाताला कोणी नावं ठेवली नसती. पण धमनीला वेडंवाकडं टोचलं की ती आखडून घेते, आणि या माणसाजवळ तेवढा वेळ नव्हता. मॅडमनी सुई मागं घेतली, चष्मा काढला आणि शेजारच्या नव्या डॉक्टरला म्हणाल्या, "तू ये. तुले लागते, मले लागत नाही." सगळ्यांसमोर, साध्या आवाजात.

नव्या डॉक्टरनं बोट टेकवलं, मान वळवून पडदा पाहिला आणि नळी घातली. मॅडम तोवर ड्रायव्हरच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. "माल कुठी जात नाही राजा," त्याला सांगत होत्या.

चष्मा दुसऱ्या दिवशी नीट चालू लागला. वायफायची काहीतरी भानगड होती. मी आनंदानं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "उद्या अजून बंद पडन. दुसऱ्याचा पडला तर त्याच्याजवळ बोट आहे. माह्याजवळ काय आहे?" त्यांनी काम सोडलं. मी भांडले, तुम्हीही भांडला असता. निदान शिकवायला तरी या म्हटलं. "सुई पाह्यली का माहे हात शिवशिवतीन," म्हणाल्या आणि नेरला बहिणीकडं निघून गेल्या. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांचा भयंकर रागही आला.

तुरीच्या शेंगा आल्या तेव्हा तो ड्रायव्हर तपासणीला आला, पिशवीभर शेंगा घेऊन. त्याला त्या दिवसातली एकच गोष्ट आठवत होती.

"त्या चष्म्यावाल्या बाईले भेटाचं आहे. त्यायनंच वाचवलं मले."

"त्या आता येत नाहीत, दादा."

"बदली झाली?"

"नाही. काम सोडलं त्यांनी."

"काहून?"

"तुमच्यापायी," मी म्हणून गेले.

त्याचा चेहरा एकदम उतरला. पिशवी त्यानं दोन्ही हातांत धरली. "बेहोशीत मी वाईट-साईट बोललो काय जी त्यायले?"

नाही हो, तसं नाही, एवढं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच कोसळलं. तो बिचारा शेंगांची पिशवी छातीशी धरून, माझी माफी मागत उभा राहिला.