लेकीचं वजन आणि माझी सही

शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा मांडला होता. माझी पाचवीतली लेक त्यावर उभी. तपासणीला आलेल्या साहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला. परत वाचला. पोरं फिदीफिदी हसली. मी समोरच होते, खिचडीचं पातेलं घेऊन. त्याच शाळेत मी पोषण आहार शिजवते.

"आई कोण हिची?" साहेबांनी विचारलं. वर्गशिक्षक सरांनी माझ्याकडं बोट केलं.

"असं व्हय. मग नवल काय? बाई, शाळेचं घरी किती नेता?"

सरही हसले. ते मला जास्त लागलं. तांदूळ रोज तेच मोजून देतात. शिजल्यावर आधी तेच चाखतात, उरलंसुरलं वहीत लिहितात, सही करतात. मूठभर तांदूळ इकडचा तिकडं झाला तर आधी त्यांना कळेल. आणि तेच हसले.

मग ऑफिसात बोलावून हमीपत्र पुढं सरकवलं. मुलांच्या लठ्ठपणाची जबाबदारी पालकांनी लिहून द्यायची म्हणे. खाली साहेबांनी पेनानं एक ओळ वाढवली होती. मी ती वाचलीच नाही. काम जाईल ही भीती. सही करून मोकळी झाले. माझा बाप मोंढ्यात हमाली करायचा, चाळिशीत विहारात बसून अक्षरं शिकला. न वाचता त्यानं कुठंही सही केली नाही. त्याची लेक मी.

लेक जाड आहे हे मला दिसत नाही का? जिना चढताना धाप लागते तिला. आणि त्यात माझा हात आहे. ती तान्ही असताना अंगणवाडीच्या तक्त्यावर लाल रंगात होती. तेव्हाही चारचौघांत विचारलं होतं, पोरीला उपाशी ठेवता का म्हणून. ती लाज मनातून गेली नाही. मी तिला भरवत सुटले. तूप-साखर-पोळी, चहासोबत बिस्किटांचा आख्खा पुडा. ती नको म्हणाली तरी भरवलं. शाळा सुटल्यावर मी औरंगपुऱ्यात दोन घरची धुणीभांडी करते. तेवढा वेळ तिला टीव्हीपुढं बसवलं, गल्लीत खेळायला सोडलं नाही. चूक माझी. पण चूक म्हणजे चोरी नाही.

त्या दिवसापासून पोरगी शाळेत जेवेना. वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरायची. मला वाटलं, वजनाची लाज वाटत असेल. चार दिवसांनी मी घरी भाकरी थापत होते, तर मागून तिनं हळूच विचारलं,

"मम्मी, तू खरंच चोरून आणती का? मी कुणाला नाय सांगणार."

कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पोटच्या पोरीला मी चोर वाटत होते, आणि तरी ती मला पाठीशी घालत होती.

सकाळी शाळा उघडताच मी तो कागद मागून वाचला. 'शालेय आहार घरी नेल्याची चूक मला मान्य आहे.' खाली माझी सही, ठसठशीत. साहेबापेक्षा मला माझाच संताप आला.

महिन्यानं साहेब परत आले. काटा पुन्हा व्हरांड्यात. मी लेकीचा हात धरून पुढं गेले.

"साहेब, वजन आतल्या खोलीत घ्या. आकडा मला सांगा, गावाला नको. आणि सर, तुमची वही आणा. मी कोणत्या दिवशी काय नेलं, ते दाखवा."

सरांनी वही आणली. पानं उलटत राहिले. त्यात काय सापडणार होतं? साहेब म्हणाले, एवढा ताठा असेल तर दुसरी बाई मिळेल. मी ऑफिसातून हमीपत्र आणलं, ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, 'हे खोटं आहे.' खाली सही केली.

बाकीचं हमीपत्र तसंच ठेवलं. पोरीचं वजन उतरवणं माझं काम आहे, ते मी करतेय. साखर बंद केली. संध्याकाळी कामावर तिला सोबत चालवत नेते. साहेबांनी माझ्या नावापुढं शेरा मारलाय, पालक सहकार्य करत नाहीत. कामावरून काढल्याचं पत्र अजून आलं नाही. येईल. आलं तरी वजनाच्या दिवशी मी शाळेत जाणार. माझीच काय, कुठलीच पोर मी पुन्हा व्हरांड्यात काट्यावर चढू देणार नाही. वजन आतल्या खोलीत होईल, आणि बाहेर दाराला पाठ लावून मी उभी असेन.