उलटा छापलेला फोटो

नाती विचारतात, आजी, तू आमच्या वयाची असताना कशी होतीस? दीडशहाणी. मॅट्रिकला शास्त्रात मार्क भरपूर पडले होते, अक्कल तेवढी पडायची राहिली होती.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात आमच्याकडं मुरगूडच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. लग्नानंतर मुलगी कॉलेजात गेली तरी चालेल, असा त्यांचा निरोप. मला नवऱ्यापेक्षा कॉलेजचीच हाव. म्हणून आईची नथ घालून फोटो काढायला गेले.

फोटो हातात आला आणि माझं तोंड पडलं. नाक वाकडं, भुवई वर, आणि लहानपणी चुलीतला निखारा उडून गालावर पडलेला डाग भलतीकडंच. फोटोवाले चाचा समजावत होते, "बेटा, तू रोज आरशातली तू बघतीस. लोकं तुला अशीच बघत्यात." ऐकेल कोण? निगेटिव्ह उलटी घालून छापा, असं मी फर्मावलं.

नवा फोटो थेट आरशातला. नथ उजव्या नाकपुडीत गेलीय, पदर उजव्या खांद्यावर आलाय, हे मला दिसलंच नाही. आरशात रोज तसंच तर बघत होते. तोच मुरगूडला गेला.

मग मंडळी बघायला आली. मास्तरांच्या आत्यांनी पोह्याची बशी बाजूला सारली, पिशवीतून फोटो काढला. एकदा त्यात बघितलं, एकदा माझ्याकडं.

"पावणं, फोटोत डाग उजव्या गालाला हाय, हिच्या डाव्या. नथ बी तिकडची. पोरगी बदललीसा व्हय?"

वडिलांची मान खाली गेली. विचारलं तेवढंच मुलीनं बोलायचं, अशी रीत. मी उठले, कोनाड्यातला आरसा आणला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. आरशात डाग डाव्या गालावर आला, नथ जागेवर गेली. वर व्याख्यानही दिलं: आरसा डाव्याचं उजवं करतच नाही, फक्त पुढचं मागं करतो. आपणच समोर दुसरी बाई उभी आहे असं धरून तिचं डावं-उजवं ठरवतो, घोटाळा तिथं होतो.

सगळ्यांना पटलं, हीच पंचाईत झाली.

"म्हंजे फोटो मुद्दाम उलटा केला की," आत्या म्हणाल्या. "आणि वर आम्हालाच शिकवती."

मी मास्तरांकडं बघितलं. हा धडा ते दरवर्षी वर्गात घेत असणार. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. ते पोह्यातले शेंगदाणे वेचत बसले.

तिसऱ्या दिवशी नकार आला. पुढं मला पेठ वडगावात दिली. त्या पाहुण्यांनी फोटो मागितलाच नाही. वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं: पोरीच्या डाव्या गालाला डाग हाय, आणि तिला फुडं शिकायचं न्हाय.