मनुबाईचा विजेचा मासा

शिराळ्यात नाग हातात धरणारे पैशाला पासरी मिळतील, पण विजेचा मासा पाळावा तो मनुबाईनंच! नवरा आकाराम पलटणीत. बेचाळीस साली रजेवर आला तो मिसर देशातल्या नदीतला वीतभर मिशाळ मासा डब्यात घेऊन. विश्रामबागेतल्या कुणा साहेबाची जुनी काचेची पेटी पैदा केली, मासा तीत सोडला आणि बायकोला बजावलं, “ह्याच्या अंगात वीज हाय. हात घालायचा न्हाई, पितळ-लोखंड बुडवायचं न्हाई.” आठ दिवसांत गडी परत लढाईवर गेला.

मनुबाईनं ते शब्द काळजात कोरून ठेवले. माशाला दडायला पेटीत फुटकं मडकं, वर फळी, फळीवर धोंडा. गांडुळं द्यायची ती कोरड्या लाकडी पळीनं. पाणी काढायला काठीला वाळका भोपळा बांधलेला, आणि भरायला रांजणातलं शिळं पाणी. दोन वर्षांत घरात कुणाला साधी झिणझिणी आली नाही. केवढी शिस्त बाईची!

आकारामचं पत्र चारचौघांत वाचलं जायचं. त्यात बायकोची चौकशी कुठली करतोय! ‘मासा कसा हाय?’ एवढंच लिहायचा. मनुबाई काय ते समजायची आणि तेवढ्यावर महिना काढायची. मासा मेला तर काय कळवायचं, ही एकच धास्ती तिच्या जिवाला होती.

चव्वेचाळीसच्या नागपंचमीला ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली आणि इकडं सासूला, सुलाबाईला, भक्तीचं भरतं आलं. नागासारखाच हाही ताकदीचा देव, लेकाला राखील म्हणून म्हातारीनं फळी सरकवली, तांब्याभर दूध पेटीत ओतलं आणि हळदकुंकू लावायला थेट हात घातला. असा झटका बसला की म्हातारी पाठीवर आणि तांब्या अंगणात!

मनुबाई आली. आधी सासूला उठवून बसवलं, लुळा पडलेला हात चोळला. मग पेटीकडं बघितलं, तर पांढऱ्या पाण्यात मासा कुशीवर कलंडलेला.

“मरू दे मुडद्याला!” सुलाबाई कण्हत म्हणाली.

“आत्याबाई, मग त्यास्नी काय कळवू?”

मनुबाई भोपळ्यानं दूधपाणी उपसायला लागली, तशी सुलाबाई उठली आणि डाव्या हातानं रांजणातलं पाणी आणून ओतू लागली. दुपार कलली तेव्हा पाणी निवळलं. माशानं मिशा हलवल्या, सरळ झाला आणि मडक्यात शिरला. मनुबाई तिथंच बसून ढसाढसा रडली.

सुलाबाईचा उजवा हात अजून मांडीवर थरथरत होता. तो पदराखाली घेत ती म्हणाली, “कळीव त्याला, मासा बरा हाय. माज्या हाताचं मातुर लिवू नगंस. पोरगं तिकडं एकलंच हाय.”