नाताळचा फ्रॉक

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पास्टरांपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाच नीट कळत नाही.

अमरावतीच्या आमच्या घरात जेवणाआधी पोरांनी रोज एका गोष्टीसाठी देवबापाचे आभार मानायचे, त्याशिवाय घास नाही. भाजी गार झाली तरी चालेल! चर्चच्या मंडळीतल्या बाया माझी वाहवा करायच्या. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

माझ्या लेकीला, एस्तेरला, दर नाताळात नवा फ्रॉक यायचा. अकोल्याच्या जुन्या शहरात माझी नणंद राहायची, सुलोचनाताई. एकटी बाई, शिवणकामावर पोट, आणि भाचीवर जीव. पार्सल एसटीने यायचं, मी जाऊन आणायची. तशी झालर दुकानातही मिळायची नाही. आणि मला — मला साधी तुरपाई जमत नाही. पोरीने विचारलं, कोणी शिवला? मी म्हणाले, देवाने दिला, त्याचे आभार मान. नवऱ्याला वाटलं, मी भक्तीने बोलते.

सगळं देवच देतो, यात खोटं काय? मीही मनाला हेच सांगायची. पण साखर वाण्याकडून आणली, हे मी पोरांना सांगतच होते ना? फ्रॉक आला की तेवढा देव आठवायचा. मी जळत होते. पोर आत्याच्या गळ्यात पडलेली मला बघवली नसती.

एका नाताळात ताई स्वतः आल्या. एस्तेर नवा फ्रॉक घालून जेवायला बसली.

"आवडला का वं तुले?" ताईंनी विचारलं.

"देवबापाने दिला," पोर म्हणाली, आणि हात जोडून तिने आभारही मानले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भात वाढत राहिले.

"बरोबर हाय पोरी," त्या म्हणाल्या, "त्यानंच देल्ला." आमेनही त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. फ्रॉक पुढेही येत राहिले.

गेल्या वर्षी ताई प्रभूघरी गेल्या. माती देऊन आल्यावर आम्ही मायलेकी त्यांची खोली आवरायला बसलो. मशीनच्या खणात चिंध्यांची पुरचुंडी निघाली. एस्तेर आता स्वतः आई आहे. एक निळी चिंधी हातात घेऊन ती थांबली.

"आई, हे तर माझ्या फ्रॉकचं कापड. माझे फ्रॉक आत्या शिवायची का गं?"

आता तरी? खोलीत आम्ही दोघीच होतो.

"तेव्हा सगळीकडे हेच कापड मिळायचं," मी म्हणाले. आणि तिच्या हातातली चिंधी घेऊन कचऱ्याच्या पोत्यात टाकली.