पोराच्या बदलीचा अर्ज

शांतानं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते पोराची बदली रद्द करायचा अर्ज लिहिण्याचं.

शांता चौथी पास, मी दुसरीतनं पळालेला. तरी पेन माझ्या हातात! (घरचा कर्ता ना!) ती शेंगा फोडत सांगत होती, मी लिहीत होतो.

"अवो, काना कशाला दिलाय? बादली न्हवं, बदली! सायब काय न्हाणीत बसलाय व्हय?"

आमचा महेश पगारी फुटबॉल खेळतो. फॉरवर्ड. म्हणजे सगळ्यांच्या पुढं उभं राहून गोल मारायचे. आठ वर्षांत गोवा, कलकत्ता, शिलाँग, केरळ झालं, आता पंजाब! एवढ्या बदल्या आमच्या माहितीत एका फौजदाराच्याच झाल्या होत्या, आणि त्या का झाल्या हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

"पोरानं कायतरी केलंय," शांता म्हणाली. "सायबाचे पाय धरा."

त्यात टीव्हीवर मॅच लागली, तर महेश बाहेर बाकड्यावर! शेजारचा रफिक म्हणाला, "चाचा, आज वो बदली में है ना."

माझं डोकंच फिरलं. मी स्वतः गिरणीत अकरा वर्षं बदली कामगार होतो. रोज गेटावर उभं राहायचं, कुणी आजारी पडलं तरच आत. (दुसऱ्याच्या तापावर आमची चूल पेटायची!) लगेच अर्जात वाढवलं: "सदर मुलास पर्मनंट करावे. चूक झाली असल्यास म्हाताऱ्या आईबापाकडे बघून पोटात घालावी."

केरळच्या क्लबाच्या पत्त्यावर अर्ज टाकला. आठवड्यानं शांता दुपारची झोपली ती उठलीच नाही. पोरगं आलं, तेरावं करून पंजाबला गेलं. तिनं फोडलेले दाणे डब्यात तसेच राहिले. मी झाकण उघडलं नाही.

परवा महेशचा फोन.

"आप्पा, सायबाला काय लिवलंय तुमी?"

जुन्या क्लबानं अर्ज नव्या क्लबाला धाडला होता. (अर्जाचीसुद्धा बदली!)

"इंग्रजी करून सगळ्या टीमपुढं वाचला! गोरा कोच हसून खुर्चीवरनं पडला! आप्पा, ही शिक्षा न्हाय. चांगला खेळतो म्हणून दुसरे क्लब मला मागून घेत्यात."

"मग बाकड्यावर का बसवलं?"

"पाय दुखत हुता की!"

म्हणजे आठ वर्षं शांता पोराच्या बढतीला रडत होती!

"आप्पा, एकटं काय करताय तितं? हिकडं या. कोच म्हणतोय, आप्पांचा अर्ज आला की लगेच मंजूर."

"ह्या वयात? पंजाबात? न्हाय जमायचं!" म्हणून मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला. दाणे भाजले, लसूण-तिखट घालून चटणी कुटली, पोराला आवडते तशी. मग कागद घेतला. एका दमात अर्ज लिहिला, पक्का उतरवला, सात रस्त्याच्या चौकापर्यंत चालत जाऊन पेटीत टाकला. घरी येऊन कच्चा कागद बघतो तर काय, काना! चूक काढायला शांता कुठं होती?

आता पंजाबातनं माझी बादली मंजूर होऊन येणार. येऊ दे. चटणी बादलीत घालूनच नेतो!